वाचनवही

वाचनवही म्हणजे आपण काय वाचलं, कधी वाचलं आणि वाचताना डोक्यात काय आलं हे स्वतःसाठी लिहून ठेवायची वही. कोणी वाचन-डायरी म्हणतं, हल्ली रीडिंग जर्नलही म्हणतात. परीक्षण लोकांसाठी असतं, ही वही कुणाला दाखवायची नसते, त्यामुळे "६० पानांवर सोडलं, माणसंच लक्षात राहीनात" एवढं लिहिलं तरी चालतं, आणि खरं सांगायचं तर पुढे अशाच नोंदी वाचायला मजा येते.

आपल्याकडचं याचं जुनं भावंड म्हणजे बाड. पोथीची पानं सुटी, बाड शिवलेलं. त्यात अभंग, पदं, आरत्या, मधेच एखादं औषध, जे हाती लागलं ते उतरवून घेतलेलं. रामदासी साहित्याचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली अशी बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहालयात आहेत. फक्त ती उतरवून घेणाऱ्याला काय वाटलं हे त्यात शोधायला जाऊ नये, तेव्हा मुळात मजकूर हातात असणं हीच मोठी गोष्ट होती.

युरोपात याच्या जवळची चीज म्हणजे कॉमनप्लेस बुक, आवडलेले उतारे विषयवार लिहायची वही. तिचा त्रास एकच, लिहिलेलं पुन्हा सापडत नाही. त्यावर जॉन लॉक या तत्त्वज्ञाने सूचीची एक युक्ती काढली, ती १६८६ साली फ्रेंचमध्ये छापून आली: विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर घ्यायचा आणि त्या जोडीच्या घरात पान नंबर टाकायचा. मराठीत तर हे आयतंच आहे की, बाराखडी! पाऊस 'पा'त, पुणे 'पु'मध्ये. वहीची शेवटची चार पानं यासाठी कोरी सोडावीत, नाहीतर २०० पानी वही भरल्यावर ती नुसतीच जड होते.

चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० अशी बरीच वर्षं याद्या ठेवल्या, वाचायच्या पुस्तकांची वेगळी आणि वाचून झालेल्यांची वेगळी. आपल्यापैकी बहुतेकांची पहिलीच यादी लांबत जाते ते सोडा.

नोंद कशी करायची याला नियम नाही, पण पुस्तकाचं नाव, तारीख आणि पान नंबर एवढं तरी हवंच, आणि आवृत्तीही, हे मी ठेच खाऊन शिकलो. माझ्या एका वहीत "पान ८७, खालून तिसरी ओळ, भन्नाट" असं लिहिलंय, पुस्तक लायब्ररीचं होतं, नंतर विकत घेतलं ती नवी आवृत्ती, टाइप मोठा, ८७वर भलताच प्रसंग, ती ओळ आजतागायत सापडलेली नाही. तेव्हा ओळच उतरवून घ्यावी आणि खाली आपलं एक वाक्य लिहावं. सारांश लिहू नये, तो शाळेच्या प्रोजेक्टला ठीक. स्टार देण्याचंही तसंच, चार स्टार का दिले होते ते दोन वर्षांनी कोणाला आठवतंय?

किंडलवाल्यांचं काम सोपं, खूण केलेली प्रत्येक ओळ यंत्रातल्या 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या फाइलीत तारखेसकट आपोआप जाऊन बसते. पण ती ओळ का आवडली होती, ते तिथे लिहिलेलं नसतं.