मिंग (नावांमधलं चिनी अक्षर)

मिंग हे चिनी नावांत भरपूर सापडणारं अक्षर. अर्थ उजेड, लख्ख, स्पष्ट, आणि माणसाच्या नावात आलं की हुशार, समज असलेला अशी छटा पण येते. लिहायला सोपं आहे, एकूण 8 फटकारे, डावीकडे सूर्य आणि उजवीकडे चंद्र. त्यामुळे सूर्य अधिक चंद्र म्हणजे उजेड ही गोष्ट चिनी शिकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीलाच ऐकवतात, गोष्ट छान आहे पण अर्धीच.

कारण 3000 वर्षांपूर्वी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर जे लिखाण कोरायचे त्यात हे अक्षर दोन तऱ्हांनी मिळतं, एक सूर्य-चंद्रवालं आणि दुसऱ्यात सूर्याच्या जागी चक्क खिडकी, म्हणजे खिडकीतून घरात आलेलं चांदणं! इ.स. 100 च्या सुमाराला शू शेनने केलेल्या कोशात तर खिडकीवालंच रूप मुख्य धरलंय. पुढे टिकलं मात्र सूर्यवालं. मला विचाराल तर खिडकीच जास्त भारी होती.

1368 ते 1644 च्या मिंग राजघराण्याचं नाव हेच अक्षर, पण ते आडनाव नव्हे, राजांचं आडनाव जू होतं. त्याच्याही आधी सम्राज्ञी वू झतियनने मिंगच्या खाली आकाशाचं अक्षर जोडून स्वतःच्या नावासाठी नवीनच अक्षर काढलं, साल 689, म्हणजे आकाशावर सूर्य-चंद्र दोन्ही आपलेच. कॉन्फिडन्स बघा.

चीनबाहेर अक्षर तेच पण उच्चार वेगळे. जपानमध्ये अकिरा (दिग्दर्शक कुरोसावांचं हेच), मेइजी काळातला मेइ पण हाच, व्हिएतनाममध्ये मिन्ह, म्हणजे हो चि मिन्हमधला. बास्केटबॉलवाला याओ मिंग पण ह्याच अक्षराचा. पण नुसतं मिंग ऐकून अक्षर ठरवू नका, कोरीव लेख अशा अर्थाचं दुसरं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार सेम टू सेम, आणि तेही नावांत चालतं.

बाकी चीनमध्ये सगळ्यात फेमस मिंग कोण म्हणाल तर श्याओ मिंग, म्हणजे छोटा मिंग. हा खरा कुणी नाही, शाळेच्या गणितात सफरचंदं मोजणारा आणि जोक्समध्ये बाईंना उलट उत्तरं देणारा पोरगा, थोडक्यात तिकडचा बंड्या.