ट्रॅक पाठवण्याआधी: सॅच्युरेशन प्लगइनविषयी आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे मिक्सिंगला गाणं देणारे बरेच जण आता घरीच रेकॉर्डिंग करतात. माइक बरा असतो, इंटरफेस असतो, गाणाऱ्याची मेहनत तर असतेच. सोबत निरोपही ठरलेला येतो: ‘आवाजात ऊब हवी, डिजिटल वाटायला नको.’ ट्रॅक उघडावेत तर प्रत्येकावर सॅच्युरेशनचा, म्हणजे जुन्या टेपसारखी नाहीतर व्हॉल्व्हसारखी ऊब आणणारा, प्लगइन लावून, तो रेंडर करूनच, म्हणजे ट्रॅकमध्ये कायमचा मिसळूनच, फाइल पाठवलेली असते. कधी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथेही, एक असतो. कोरे, म्हणजे प्लगइन न लावलेले, ट्रॅक मात्र नसतात. या एका गोष्टीपायी तुमचे आणि आमचे जेवढे दिवस जातात तेवढे दुसऱ्या कशानेही जात नाहीत, म्हणून हे पत्रक.

सॅच्युरेशन आम्ही रोज वापरतो आणि आम्हाला ते मनापासून आवडतं. प्रश्न आहे तो कुठे, किती आणि कोणत्या टप्प्यावर, याचा.

ऊब येते कुठून

तंबोरा जवळून ऐकला असेल तर हे लगेच कळेल. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत नेला की एका जागी तार अचानक भरून बोलायला लागते. तिचा सूर तोच राहतो, पण वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले सूर, उमलतात. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार म्हणजे त्या तारेचा पाचवा हार्मोनिक. सॅच्युरेशन प्लगइन आवाजाच्या लहरीचे माथे थोडे दाबून गोल करतो आणि त्या दाबण्यातून असेच नवे हार्मोनिक्स तयार होतात. समजा गायिकेचा षड्ज पांढरी सहा आहे, म्हणजे २२० हर्ट्झ. दुसरा हार्मोनिक ४४० वर, म्हणजे तार षड्ज. तिसरा ६६० वर, तार सप्तकातला पंचम. पाचवा ११०० वर, त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. व्हॉल्व्हच्या धाटणीच्या प्लगइनमध्ये बहुधा दुसरा जास्त येतो, म्हणून तो गोल आणि जाड वाटतो. टेपमध्ये तिसऱ्याचा जोर असतो, त्याने आवाजाला जरा धार आणि घट्टपणा येतो.

याचा सगळ्यात मोठा फायदा डग्ग्याला आणि पखवाजाच्या धुम्याला होतो. मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही ऐकवत नाही, त्यामुळे फोनवर डग्गा नुसता ‘टक’ वाजतो. थोडं सॅच्युरेशन दिलं की वरचे हार्मोनिक्स फोनवरही पोचतात आणि खालचा घुमारा कान स्वतःच भरून काढतो. बेस गिटार, कीबोर्डवरची व्हायोलिनं, घरातल्या खोलीत घेतलेला जरा कोरडा आवाज, यांनाही ते मानवतं. हार्मोनियम आणि तंबोऱ्याला मात्र आम्ही क्वचितच लावतो. त्यांच्यात हार्मोनिक्स मुळातच भरपूर असतात. आणखी घातले की पेटी बोचायला लागते.

एकदा भिनलं की निघत नाही

तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढणारा कारागीर घोडी घासताना दर दोन हातांनी तार छेडून बघतो. जास्त घासली गेलेली घोडी परत भरता येत नाही, सगळा पृष्ठभाग नव्याने काढावा लागतो. रेंडर केलेल्या सॅच्युरेशनचंही तेच. इक्वलायझरने कमीजास्त केलेला आवाज बऱ्याच अंशी उलटा फिरवता येतो. सॅच्युरेशनमध्ये मूळ आवाज आणि नवे हार्मोनिक्स एकाच लहरीत विरघळलेले असतात आणि ते वेगळे करायची सोय कोणत्याच प्लगइनमध्ये नाही. फुटलेले माथे जोडणारी सॉफ्टवेअरं आहेत, आम्हीही ती वापरतो. ती तुटलेला माथा अंदाजाने बांधून देतात, मूळ आवाज परत आणत नाहीत.

एका आषाढीच्या आधी आमच्याकडे अभंग आला होता. आवाज, पेटी, पखवाज, टाळ. गायकाचा आवाज सुरेख होता, पण टेप प्लगइनचा इनपुट बराच चढवून रेंडर केलेला. ‘सावळा’मधला ‘स’ आणि ‘तुझा’मधला ‘झ’ दर ओळीला किसणीसारखे खरखरत होते. डी-एसर, म्हणजे ‘स’-‘श’ची सिसकारी दाबणारा प्लगइन, कमी लावला तर खरखर तशीच राहायची, जास्त लावला तर ‘सावळा’ बोबडा व्हायचा. शेवटी एकेक शब्द निवडून हाताने खाली घेतला. दोन दिवस त्यात गेले आणि तरीही मनासारखं झालं नाही. कोरा ट्रॅक मागितला तेव्हा कळलं, डिस्कवर जागा करायला मूळ प्रोजेक्ट पुसून टाकलं होतं. गायकाला पुन्हा गावं लागलं, आणि तोवर एकादशी होऊन गेली होती. तीच खरखर आम्ही कोऱ्या ट्रॅकवर आधी डी-एसर आणि मग हलकं सॅच्युरेशन लावून पाच मिनिटांत टाळली असती.

मास्टरवर लावलंत तर

एकेका ट्रॅकवर लावणं वेगळं आणि सगळं वाद्यवृंद एकाच प्लगइनमधून काढणं वेगळं. दोन स्वर एकत्र आत गेले की प्लगइन त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वरही तयार करतो. भीमपलासीवरचं भावगीत घ्या. षड्ज २२०, कोमल गंधार साधारण २६४. दोन्ही एकाच वेळी टेपसारख्या प्लगइनमधून गेले की २२० ची दुप्पट वजा २६४, म्हणजे १७६ हर्ट्झवर एक स्वर उगवतो. तो मंद्र कोमल धैवत. भीमपलासीत कोमल धैवत नाही! हळू असतो, स्वतंत्र ऐकू येत नाही, पण दहा ठिकाणी असे पाहुणे जमले की ‘गाणं गढूळ वाटतंय’ अशी तक्रार येते. मास्टरवर अगदी हलका हात चालतो, आम्हीही देतो, पण सगळं जागेवर बसल्यानंतर, शेवटी.

कान कुठे फसतो

प्लगइन चालू केला की बहुतेक वेळा आवाजाची पातळी वाढते. एक-दीड डेसिबलही पुरतो. मोठा आवाज कानाला भरीव लागतो, कारण हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणजे तुम्हाला आवडलेली ‘ऊब’ पुष्कळदा नुसती पातळी असते.

म्हणून आउटपुट खाली घ्या. प्लगइन चालू आणि बंद दोन्ही वेळेला आवाज सारखाच लागला पाहिजे. काही प्लगइनमध्ये त्यासाठी बटण असतं, डेकॅपिटेटरमध्ये ‘ऑटो’ आहे, पण कानाने खात्री करा. मग डोळे मिटून कुणाला तरी चालू-बंद करायला सांगा. फरक कळला आणि चालूच आवडलं, तर ते सॅच्युरेशन खरं. जुन्या यंत्रांवर बेतलेले बरेच प्लगइन आत सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपासचा आवाज येईल असं धरून बनवलेले असतात. आपण शून्याला, म्हणजे डिजिटल मापातल्या कमाल पातळीला, भिडलेला ट्रॅक आत सोडतो आणि नॉब न फिरवताच तो कुस्करला जातो. आधी ट्रॅकची पातळी खाली आणा, मग प्लगइन लावा.

टाळ-झांजांसाठी आणखी एक सांगतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२.०५ च्या वरचं काही राहू शकत नाही. टाळेतल्या १० किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक ३० वर जायला बघतो, तिथे जागा नसते, तो उलटा फिरून १४.१ वर पडतो. त्याचा टाळेच्या सुराशी काहीच संबंध नसतो, काचेवर नख ओढल्यासारखा तो ऐकू येतो. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या आत जास्त सॅम्पल रेटने काम करून हे टाळायची सोय, असेल तर चालू करा. नाहीतर टाळेला हात लावू नका.

आम्हाला काय पाठवायचं

कोरे ट्रॅक, २४ बिट वेव्ह, सगळे एकाच ठिकाणाहून सुरू होणारे, माथे उणे ६ डेसिबलच्या वर न जाणारे. शिवाय तुमचं स्वतःचं रफ मिक्स, तुमच्या सगळ्या प्लगइनसकट. तुम्हाला काय ऐकू येतंय ते आम्हाला त्यातूनच कळतं. एखादा सॅच्युरेशनचा परिणाम गाण्याचा भागच असेल, मुद्दाम फाटलेला गिटार किंवा जुन्या रेडिओसारखा आवाज, तर तो रेंडर करून जरूर द्या, फक्त त्याची कोरी प्रत शेजारी ठेवा. आणि गाणं प्रसिद्ध होईपर्यंत मूळ प्रोजेक्ट पुसू नका.

कधीकधी ग्राहक म्हणतात, ‘आमचं रफ तुमच्या पहिल्या मिक्सपेक्षा दमदार वाटतं.’ आम्ही पहिलं मिक्स मुद्दाम मास्टरिंगशिवाय, हळू पातळीवर देतो. तुमचं रफ लिमिटरने, म्हणजे माथे अडवून पातळी वाढवणाऱ्या प्लगइनने, चढवलेलं असतं. यूट्यूबवर खूप मोठ्या आवाजाचं गाणं सुमारे उणे १४ लफ्सपर्यंत (लफ्स म्हणजे गाणं कानाला एकूण किती मोठं लागतं त्याचं माप) खाली आणलं जातंच, त्यामुळे रफचा आवाज आमच्या मिक्सएवढा करूनच दोन्ही ऐका. आमचा अनुभव असा की त्यानंतर बोलणं दमाबद्दल राहत नाही, ‘दुसऱ्या अंतऱ्यात बासरी थोडी पुढे घ्या’ इथवर येतं. तेच बोलणं आम्हाला हवं असतं.

कोरे ट्रॅक नंतर मागवावे लागले तर ते आल्याच्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजतो. हे काहींना खटकतं. पण तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचं गाणं रांगेत मागे पडलेलं असतं, आणि त्यांनी ट्रॅक नीट पाठवलेले असतात.

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. पूर्ण रेकॉर्डिंग करण्याआधी आवाजाचा आणि तालवाद्याचा एकेक ट्रॅक, मिनिटभराचा, कोरा आणि प्लगइनसकट असा दोन्ही प्रकारे पाठवा. आम्ही तो ऐकून माइक जवळ आहे का, पातळी किती ठेवायची, प्लगइन काय करतोय, हे लेखी कळवतो. त्याचे पैसे घेत नाही, मिक्सिंग आमच्याकडे दिलं नाही तरी घेत नाही. ज्यांना स्वतःच शिकायचं आहे त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी अर्ध्या तासाची ऑनलाइन बैठक असते. तुमचंच प्रोजेक्ट उघडून, तुमच्याच प्लगइनवर. त्या दिवशी हेडफोन जवळ ठेवा, लॅपटॉपच्या स्पीकरवर डग्ग्यातला फरक कळत नाही.