अँपिअर सारखे, तरी लोड सारखा नाही

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमच्याकडे लाइट गेली की 500 केव्हीएचे दोन डीजी सेट (डिझेल जनरेटर) एकाच बसबारवर, म्हणजे वीज गोळा करणाऱ्या एकाच पट्टीवर, चालतात. एकदा आमचा ऑपरेटर, दांडिया बाजारातला मुलगा, धावत आला. "काका, एक नंबर जास्त खेचतोय. डिझेल कमी करू?" एक नंबरवर 543 अँपिअर, दोन नंबरवर 363. म्हटलं, थांब, आधी किलोवॅट बघ. दोन्हीकडे 250!

गल्लत होते ती इथेच. किलोवॅटची (खऱ्या कामाच्या विजेची) वाटणी वेगळी, केव्हीएआरची (रिअॅक्टिव्ह पॉवरची) वेगळी, आणि अँपिअर मीटर दोन्ही मिसळून दाखवतो.

किलोवॅट ही इंजिनाची मेहनत, ती गव्हर्नर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणारा भाग, ठरवतो. लोड चढेल तसा वेग किती उतरू द्यायचा, तो ड्रूप. 4 टक्के ड्रूप म्हणजे रिकामा सेट 52 हर्ट्झला, पूर्ण लोडवर 50 ला. बसबार एकच, त्यामुळे फ्रिक्वेन्सीही एकच. दोघांची सेटिंग सारखी असली की लोड आपसूक निम्मा-निम्मा होतो.

केव्हीएआर मोटारींच्या चुंबकत्वासाठी लागतो. त्याची वाटणी एव्हीआरकडे (जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडे), डिझेलचा संबंध नाहीच म्हणा. एक नंबरचं व्होल्टेज सेटिंग किंचित चढं होतं, म्हणून 375 केव्हीएआरपैकी 300 तोच देत होता.

डिझेल कमी केलं असतं तर? समजा एक नंबर 150 किलोवॅटवर आणला आणि दोन नंबर 350 वर नेला. मीटरवर 467 आणि 498. वरवर पाहता छान जुळलं! पण दोन नंबरच्या 400 किलोवॅटच्या इंजिनाकडे आता फक्त 50 शिल्लक. एखादी मोठी मोटार चालू झाली की तोच आधी बसणार. मला ही चूक फार धोक्याची वाटते, कारण ती दुरुस्तीसारखी दिसते.

आम्ही गव्हर्नरला हात लावला नाही. एक नंबरचा व्होल्टेज ट्रिम (बारीक सेटिंग) जरा खाली, दोन नंबरचा जरा वर. दोघं 435 वर आले. आधी बेरीज 906 होती, आता 870. मधले 36 अँपिअर केव्हीएआरच्या चुकीच्या वाटणीमुळे फुकटच वाढले होते.

पॅनेल उघडून काम झालं असेल तर एव्हीआरची ड्रूप सीटीही तपासा; केव्हीएआर वाढला की व्होल्टेज जरा उतरवायला एव्हीआरला करंट दाखवणारा हा छोटा ट्रान्सफॉर्मर. सेट एकटा मोटारींच्या लोडवर चालवून ड्रूप वाढवा: व्होल्टेज उतरलं पाहिजे. चढलं, तर सीटीच्या वायरी उलट्या आहेत.