कवटीचे हाड पुन्हा बसवलेल्या मुलांच्या पालकांसाठी

आमच्याकडून डोक्याची संरक्षक टोपी नेलेले आईबाप मुलाचे हाड बसवून झाले की भेटायला येतात आणि म्हणतात, "सुटलो एकदाचे." आम्हालाही आनंद होतो. पण मुलांच्या बाबतीत पुढची काही वर्षे लक्ष ठेवावेच लागते, म्हणून हे पत्रक.

अपघातानंतर काढलेले हाड डीप फ्रीजरमध्ये किंवा पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि मेंदूची सूज उतरल्यावर परत बसवतात. पुष्कळ मुलांत ते छान सांधते. मात्र फ्रीजरमधल्या हाडात जिवंत पेशी उरत नाहीत. कडेकडेने नवे हाड त्यात शिरले तर ते पक्के होते, नाहीतर हळूहळू विरघळते. मोठ्यांपेक्षा मुलांत, त्यातही लहानग्यांत, हे जास्त घडते. यात महिने जातात, कधी वर्षे. बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे लवकर कळत नाही.

घरच्या घरी कळू शकते ते तेल लावताना. जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटले, की बोटांनी अलगद चाचपत जा, दाबू नका. नवा खळगा, मऊ जागा, ठोके जाणवणे किंवा स्क्रू हाताला लागणे, यांपैकी काही आढळले तर न्यूरोसर्जनना दाखवा. लाली, सूज, पाणी किंवा पू येत असेल तर त्याच दिवशी जा.

काही मुलांना हाडाऐवजी टायटॅनियम धातूची जाळी बसवतात. ती विरघळत नाही, पण वाढतही नाही. पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत डोके मोठ्या माणसाच्या सुमारे 90 टक्के होते. त्याआधी बसवलेली जाळी पुढे बदलावी लागू शकते. जंतुसंसर्ग तर वर्षांनंतरही होतो. एमआरआयच्या आधी जाळीचे कागद दाखवा.

मूल अभ्यासात मागे पडले तर जाळीला दोष देऊ नका. ते बहुतेक मूळ मार किती होता त्यावर असते. फिटची गोळी मनाने बंद करू नका, ही आमची कळकळीची विनंती.

डॉक्टरांनी वर्षातून एकदा बोलावले असेल, तर गावाकडच्या मंडळींनी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात येताना ती तपासणी उरकावी. तारीख लक्षात राहते.

टोपी अजून चालू असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात आत पातळ सुती कापड घाला, रोज धुवा. सैल किंवा घट्ट वाटली तर मुलाला सोबत आणा. माप डोक्यावरच घ्यावे लागते. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.