उपकरणांतील घातक रसायने आणि ‘एकजिनसी पदार्थ’ : पार्श्वभूमी

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कुठेही जुना टीव्ही किंवा इन्व्हर्टर दुरुस्तीसाठी उघडला, की हिरवट पडलेले तांबे आणि गंजलेले स्क्रू आधी नजरेस येतात. खाऱ्या हवेला तोंड देता यावे म्हणूनच एके काळी स्क्रूंच्या जस्ताच्या मुलाम्यावर षट्संयुजी क्रोमियमचा (क्रोमियमच्या विषारी रूपाचा) पातळ थर देत असत; त्यांची पिवळसर, रंग बदलणारी झाक त्या थराची असे. कथील आणि शिशाचे ६३:३७ प्रमाणातले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळे आणि सांधा पक्का बसे. प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगे मिसळत. ही रसायने उपयोगी होती म्हणूनच उपकरणांत आली, हे विसरून त्यांच्यावरच्या निर्बंधांचा पुढचा वाद समजत नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात चिप बनवणाऱ्या कारखान्यांच्या भूमिगत टाक्यांतून द्रावके झिरपून भूजलात मिसळल्याचे उघड झाले आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर सर्किट बोर्ड धुण्यासाठीची ओझोनमारक द्रावके हटवावी लागली. हे दोन्ही प्रश्न कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या रसायनांचे होते. ग्राहकाच्या घरी पोहोचणाऱ्या वस्तूतच काय उरते, याला व्यापक नियमाने हात घातला तो युरोपने २००३ मध्ये. शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांचे दोन गट अशा सहा पदार्थांवरचा तो निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाला.

मर्यादांचे आकडे मात्र ऑगस्ट २००५ मध्ये, अंमलबजावणीला जेमतेम दहा महिने उरले असताना ठरले : कॅडमियमसाठी ०.०१ टक्के, बाकीच्यांसाठी ०.१ टक्के. ही टक्केवारी कशाच्या वजनाची, या प्रश्नावर सारे अवलंबून होते. संपूर्ण उपकरणाचे वजन धरले असते तर २०० ग्रॅमच्या फोनमध्ये २०० मिलिग्रॅम शिसे चालले असते, म्हणजे जुन्या सोल्डरचा अर्धा ग्रॅमही नियमात बसला असता. म्हणून ‘एकजिनसी पदार्थ’ हा शब्द आला : स्क्रू काढून, कापून, भरडून, दळून किंवा घासून ज्याचे आणखी वेगळे पदार्थ करता येत नाहीत तो. या व्याख्येने सोल्डरचा एकेक सांधा स्वतंत्र पदार्थ ठरला आणि त्यातले ३७ टक्के शिसे मर्यादेच्या ३७० पट झाले. स्क्रूवरचा मुलामाही स्क्रूपासून वेगळा मोजायचा. इतका पातळ थर सुटा करून तोलणार कसा, ही उत्पादकांची तक्रार खोटी नव्हती; क्रोमियमची तपासणी पुढे पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरच आणावी लागली. तरीही व्याख्या सैल ठेवली असती तर त्या सहा नावांना काहीच अर्थ उरला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

सवलतींची वाट मात्र उघडीच राहिली. जुन्या टीव्हीच्या चित्रनळीच्या काचेतले शिसे निर्बंधातून वगळलेले होते. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांपैकी ‘डेका’ (डेकाबीडीई) या संयुगाला २००५ मध्ये मिळालेली सूट युरोपच्या न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये रद्द केली.

भारताने २०११ च्या ई-कचरा नियमांत हेच सहा पदार्थ, हेच आकडे आणि हाच ‘एकजिनसी’ निकष घेतला. मर्यादा १ मे २०१४ पासून लागू झाल्या. त्या नियमांतून सूक्ष्म व लघु उद्योग वगळले होते. कोकणाच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रश्न पर्यायांच्या टिकाऊपणाचा आहे. शिसेविरहित सोल्डर वितळायला सुमारे २१७ अंश लागतात आणि स्क्रूंवर आता त्रिसंयुजी, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक रूपाचा थर असतो. तो नीट दिला तर खारी हवा सोसतो, स्वस्तात उरकला तर नाही. लवकर गंजलेली वस्तू लवकर भंगारात जाते, आणि हा हिशेब कोणत्याही टक्केवारीत धरलेला नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये घराघरांतली भिजलेली उपकरणे रस्त्यावर आली. अशा ढिगात २०१४ पूर्वीची आणि नंतरची वस्तू शेजारी शेजारी पडते आणि भंगारवाल्याच्या तराजूत दोन्ही सारख्याच ठरतात.

युरोपने जुलै २०१९ पासून वायरींची आवरणे मऊ करणारी चार थॅलेट संयुगे यादीत आणली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या भारताच्या नव्या नियमांत पदार्थ सहाच राहिले. आतले तांबे काढण्यासाठी वायर पेटवली जाते, तेव्हा जळते ते हेच आवरण.