मुंबईत रात्री बसायला जाताना: बाहेरगावाहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुणे, नाशिक, कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन मुंबईत यायचं आणि रात्री एखाद्या बारमध्ये किंवा क्लबमध्ये बसायचं, असा बेत असलेल्यांसाठी हे पत्रक आहे. गाडी तुमची, स्टिअरिंगवर आमचा माणूस, एवढंच आमचं काम. पण बुकिंगच्या फोनवर चालकाच्या दराखालोखाल वेळ, वय आणि बिल यांबद्दलच विचारणा होते, म्हणून ती माहिती इथे एकत्र दिली आहे.

घड्याळ

मोजक्या तारांकित हॉटेलांचा अपवाद सोडला तर मुंबईतल्या परमिट रूम, पब आणि क्लबची वेळ रात्री दीडपर्यंत असते. २०२० च्या जानेवारीत मॉल आणि खाण्याची काही ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली, पण दारूची वेळ दीडचीच राहिली. ‘मुंबई झोपत नाही’ या भरवशावर जेवून-खाऊन साडेबाराला बाहेर पडलेल्यांच्या वाट्याला एखादा पेग येतो आणि प्रवेशाचे पैसे पूर्ण जातात. शेवटची ऑर्डर एकच्या सुमारास घेतात, मग बिलाची घाई सुरू होते आणि दीडला दिवे लागतात.

त्यामुळे बेत शेवटाकडून मागे आखा. सव्वा वाजता बाहेर पडायचं असेल तर पाऊण वाजता बिल मागवा, आणि क्लबच्या दारात दहाला हजर राहा. शुक्रवार-शनिवारी अकरानंतर रांग वाढते, शिवाय दारावरचे नियमही कडक होतात. गच्चीवरचा बार हवा असेल तर संध्याकाळीच जा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला बंदी असल्याने तिथलं संगीत ऐन रंगात येताना मंदावतं. नाचायचं असेल तर बंदिस्त हॉलच निवडा.

कोरड्या दिवसांची (ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस) आधी खात्री करा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सर्वांच्या लक्षात असतात. अनंत चतुर्दशी आणि निवडणुकीचे दिवस विसरले जातात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते, आणि मतमोजणीच्या दिवशीही.

वय आणि दार

महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, तर व्हिस्की, रम, व्होडका यांसाठी २५. ग्रुपमध्ये कोणी तेवीस वर्षांचा असेल तर त्याला बिअरवरच थांबावं लागेल. काही क्लब दारावरच २५ ची अट लावतात, तेव्हा तो आतच जाऊ शकत नाही. आधार किंवा लायसन्स मूळ स्वरूपात जवळ ठेवा. डिजिलॉकर बहुतेक ठिकाणी चालतं, गॅलरीतला फोटो दाखवून मात्र हमखास अडकायला होतं. कायद्याने पिण्यासाठी परवानाही लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना ५ रुपयांत बारमध्येच मिळतो. वर्षाचा १०० रुपयांना आणि आयुष्यभराचा १,००० रुपयांना आहे. वरचेवर येत असाल तर आयुष्यभराचा काढून टाका, कटकट मिटेल.

क्लबमध्ये नुसत्या पुरुषांच्या ग्रुपला आठवड्याच्या शेवटी बहुधा नकार मिळतो, किंवा दुप्पट पैसे पडतात. फोनवर तीनच प्रश्न विचारा: नुसत्या पुरुषांच्या ग्रुपला प्रवेश आहे का, कव्हर (प्रवेशाचे पैसे) किती, आणि त्यातलं किती आत खर्चता येतं? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं. काही ठिकाणी कव्हर फक्त दारूवर चालतं, खाण्यावर नाही. न वापरलेली रक्कम परत मिळत नाही. चप्पल, सँडल आणि हाफ पँट घालून पुरुषांना सोडत नाहीत. गाडीत बुटांचा जोड ठेवा.

पेगचा हिशेब

छोटा पेग ३० मिली, मोठा ६०. मेन्यूवरचा भाव बहुधा ३० चा असतो आणि गर्दीत वेटर न विचारता ६० ओततो. ‘थर्टी’ की ‘सिक्स्टी’ हे ऑर्डर देतानाच सांगा, आणि शक्य असेल तर बारसमोर उभं राहून माप भरताना पाहा.

आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. आता बिअरकडे बघा. ६५० मिलीची ५ टक्क्यांची माइल्ड बाटली म्हणजे अडीच छोटे पेग; तेवढीच ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे चार. ‘मी फक्त दोन बिअर घेतल्या’ असं म्हणणाऱ्याने स्ट्राँग घेतली असेल तर आठ पेग झाले आहेत. कॉकटेलचा अंदाज याहून फसवा, कारण लाँग आयलंड आइस टीसारख्या ग्लासात चार-पाच प्रकारची दारू असते आणि चव सरबताची लागते.

यकृत तासाला साधारण एक छोटा पेग उतरवतं. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री दहाला सुरू करून आठ पेग घेतले तर ते उतरायला सकाळचे सहा वाजतात, अनेकांना त्याहून उशीर होतो. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री आमचा चालक घेऊन सकाळी सातला स्वतः एक्सप्रेसवेला लागणारे ग्राहक आम्हाला जास्त काळजीत टाकतात. दुपारी निघा, नाहीतर सकाळसाठीही चालक सांगून ठेवा.

‘एकावर एक’ ऑफरमध्ये दोन्ही ग्लास एकदमच येतात. दुसऱ्यातला बर्फ वितळायच्या आत तो संपवायची घाई होते, म्हणून ऑफर दोघांत वाटून घ्या. पिण्याआधी पोटभर जेवा. शेंगदाणे आणि मसाला पापड तहान वाढवतात, पोट भरत नाहीत.

बिल

दारूवर व्हॅट लागतो, जीएसटी नाही. परमिट रूममध्ये नोव्हेंबर २०२३ पासून तो १० टक्के आहे, तारांकित हॉटेलात २० टक्के. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. त्याखाली सर्व्हिस चार्जची ओळ असेल तर ती काढून मागा. तो आपोआप लावता येत नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून मात्र वाद नको; हॉटेलांना तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली आहे. साधं पाणी मागा.

जुन्या बारमध्ये एसी आणि नॉन-एसी खोल्यांचे भाव वेगळे असतात. बसण्याआधी विचारलेलं बरं.

डेटिंग ॲपवर नुकतीच ओळख झालेली व्यक्ती एका ठरावीक बारचाच आग्रह धरत असेल, मेन्यू न बघता भराभर ऑर्डर देत असेल, तर तिथून उठा. हजारोंचं बिल तुमच्या हातात देऊन ती व्यक्ती निघून जाते. रस्त्यावर कोणी बाहीला धरून ऑर्केस्ट्रा बारमध्ये बोलावत असेल तर तिथेही शेवट असाच.

कुठे काय

पहिल्यांदाच येत असाल आणि गप्पा मारत बसायचं असेल तर आमचं मत कुलाब्याला. १८७१ चं लिओपोल्ड, मारिओ मिरांडांची चित्रं भिंतीवर असलेलं मोंडेगार, ताजच्या मागच्या गल्लीतलं गोकुळ, सगळं चालत गाठता येतं. लोअर परळला गिरण्यांच्या जुन्या आवारांत एकाशेजारी एक क्लब आहेत. नाचायचं असेल तर तिकडे जा. वांद्रे-खारला लहान कॉकटेल बार. एका रात्री एकच भाग धरा. अंधेरी आणि कुलाबा एकाच बेतात बसवलं की अर्धी रात्र गाडीत जाते.

लोअर परळच्या कमला मिलमधल्या २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात आसरा घेतल्याने गुदमरून. आत गेल्यावर दुसरा दरवाजा कुठे आहे आणि तो खोके रचून अडवलेला तर नाही ना, एवढं बघून ठेवा. धूर दिसला तर बिल, चपला, बॅग सोडा, खाली वाकून बाहेर पडा.

गाडी आणि चालक

बुकिंग रात्री नऊच्या आत करा. चालक ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचतो. गाडी व्हॅलेला (गाडी लावून देणाऱ्या बारच्या माणसाला) दिली असेल तर चिठ्ठीचा फोटो चालकाला पाठवून ठेवा आणि मूळ चिठ्ठी जपा, तिच्याशिवाय गाडी सोडत नाहीत. देताना किलोमीटरचा आकडा आणि चारही बाजूंचा फोटो घ्या, म्हणजे ओरखड्यावरून वाद होत नाही. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा: मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर कारला ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण अटल सेतूला एका फेरीचे २५० रुपये कापले जातात.

ग्रुपमधल्या कोणाला वेगळं जायचं असेल तर शेवटच्या लोकल साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटतात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला मिळत नाहीत. टॅक्सी-रिक्षाला मध्यरात्र ते पहाटे पाच मीटरवर २५ टक्के जादा द्यावे लागतात.

कोणी शुद्धीवर येत नसेल, श्वास मंद किंवा तुटक वाटत असेल तर त्याला झोपेतून उतरेल म्हणून खोलीत नेऊ नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. अशा वेळी आमचा चालक थेट रुग्णालयाकडे गाडी वळवतो आणि त्याचं जादा भाडं आम्ही घेत नाही. उलटीसाठीच्या पिशव्या त्याच्याकडे असतात, मागायला लाजू नका. निघण्याआधी पाकीट उघडून पाहा: टॅब (शेवटी एकत्र द्यायचं बिल) चालू ठेवण्यासाठी दिलेलं कार्ड बारमध्येच राहतं आणि वाशी ओलांडल्यावर आठवतं.