खोक्यावर लिहिलेलं वजन विमानात कुठे जातं?

विमानाने माल पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बुकिंग घेताना आम्ही वजन विचारलं की ते फक्त भाड्यासाठी हवं आहे, असं बहुतेकांना वाटतं. भाड्यासाठी हवंच. पण त्याच आकड्यावर विमानाचं लोड शीट, म्हणजे कुठे किती भार आहे याचा तक्ता, तयार होतं आणि टेकऑफसाठी शेपटीचा आडवा पंख किती कलता ठेवायचा, हे वैमानिक त्यावरूनच ठरवतो. तुमचा खोका उचलून बघायला तो खाली येत नाही.

ज्यांनी उसाची गाडी भरताना पाहिली आहे, त्यांना पुढचं फार समजावायला नको. भार मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात. भार पुढे गेला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर. विमानाचंही तसंच, फक्त चाकांच्या आसाच्या जागी पंख. नाकाकडे जड झालेल्या विमानाला उडायला धावपट्टी जास्त लागते, इंधनही जास्त जळतं. शेपटीकडे जड झालेलं विमान त्याहून वाईट. नाक नको तितकं वर जाऊ लागतं, वेग पडतो आणि पंखांना विमान पेलवेनासं होतं.

7 ऑगस्ट 1997 रोजी मायामीहून सांतो दोमिंगोला निघालेलं फाइन एअर कंपनीचं डीसी-8 मालवाहू विमान असंच उडताक्षणी पडलं. आत होतं डेनिम, म्हणजे आपल्या जीन्सचं कापड. विमानातले चौघे आणि जमिनीवरचा एक जण दगावला. अमेरिकेच्या तपास मंडळाला आढळलं, की माल ठरल्याप्रमाणे भरलेलाच नव्हता. गुरुत्वमध्य, म्हणजे सगळा भार जिथे तोलला जातो ती जागा, कागदावर होता त्याच्यापेक्षा मागे गेला होता आणि शेपटीचा पंख मात्र कागदाप्रमाणे लावलेला होता. चूक भरणाऱ्यांची आणि त्यांच्यावर लक्ष न ठेवणाऱ्यांची होती, कापड पाठवणाऱ्याची नव्हे. तरीही हे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो, कारण ‘आमचा माल साधा आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

अफगाणिस्तानातल्या बगराममध्ये 29 एप्रिल 2013 रोजी माल उड्डाणातच जागचा हलला. बोइंग 747 मध्ये पाच चिलखती गाड्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. मागची गाडी सुटून शेपटीकडे गेली, तिने आतली यंत्रणाच तोडली. विमान कोसळलं, आतले सातही जण गेले. जड क्रेटला पट्टा अडकवायला भक्कम जागा कुठे आहे, हे आम्ही विचारतो ते म्हणूनच.

तुमच्या एका खोक्याने विमान पडेल, अशी भीती घालायची नाही. 65 टनांच्या विमानात, गुरुत्वमध्यापासून 10 मीटर मागे 150 किलो जास्त निघाले, तर गुरुत्वमध्य साधारण सव्वादोन सेंटिमीटर सरकतो. तेवढं खपून जातं. पण त्याच कप्प्यात दहा जणांनी हेच केलं तर? मग तो सव्वादोन नव्हे, 22 सेंटिमीटरच्या पुढे जातो, आणि लोड शीटवर त्याचा पत्ताही नसतो.

एका कागदावर दोन वजनं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 120 × 100 × 100 सेंटिमीटरचा खोका काट्यावर 140 किलो भरला, तरी भाडं 200 किलोचं लागतं, कारण हवाई मालात लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला 6,000 ने भागून आकारमानाचं वजन काढतात आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे घेतात. ‘पैसे 200 चे भरतोय, मग खरं वजन 140 लिहा नाहीतर 170, काय फरक पडतो?’ फरक लोड शीटला पडतो. तिथे खरंच वजन लागतं.

दुसरा घोळ नेट (नुसत्या मालाचं) आणि ग्रॉस (बांधणीसकट) वजनाचा. चाकणहून कास्टिंग पाठवणाऱ्या एका जुन्या ग्राहकाने चार क्रेटचं नेट वजन दिलं. लाकूड आणि खालचं पॅलेट धरून प्रत्येक क्रेट 38 किलोंनी जास्त निघाला, टर्मिनलच्या काट्यावर एकूण 152 किलोंचा फरक. कागद बदलेपर्यंत विमान गेलं. पावसाळ्यात भिजलेलं लाकूडही वजन वाढवतं, म्हणून क्रेट ठोकून झाल्यावरच काट्यावर चढवा.

मशीन पाठवणाऱ्यांनी खालचे ठोकळे जरूर मोजावेत. 1,200 किलोंचं मशीन 10 सेंटिमीटर रुंद आणि 120 सेंटिमीटर लांब अशा दोन ठोकळ्यांवर उभं असेल, तर त्याखालच्या जमिनीवर चौरस मीटरला 5,000 किलोंचा भार येतो. लहान प्रवासी जेटच्या मालकप्प्यात अशा भाराची मर्यादा चौरस मीटरला साधारण 732 किलो असते. भार पसरायला खाली जाड फळ्या टाकाव्या लागतात आणि त्या फळ्यांचं वजनही ग्रॉसमध्येच धरायचं. मोटर किंवा गिअरबॉक्स एका टोकाला असेल, तर क्रेटच्या बाहेर दोन्ही बाजूंना गुरुत्वमध्याची खूण करा. फोर्कलिफ्टवाल्याचंही भलं होईल.

वजनाची शंका असेल तर माल आदल्या दिवशी आमच्या गोदामात आणा. काट्याचे वेगळे पैसे नाहीत.